सेल्सोची पट्टी

१

ओतिलिया लग्न होऊन मेक्सिकोतल्या पाराचोत आली त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत तिच्या नखांतला काळा रंग एकदाही पुरता निघाला नव्हता.

सासरचा धंदा गिटारी बनवण्याचा. त्या गल्लीत कोणी दुसरा धंदा सांगितला असता तर लोक हसले असते. ओतिलियाचा नवरा फेर्मिन गिटारच्या मानेवरच्या पट्टीत धातूचे पडदे ठोकायचा आणि शेवटी तारा चढवायचा. सासूबाई, दॉन्या तोमासा, पेट्या जोडायच्या. आणि पट्टी काळी करायचं काम घरातल्या सर्वांत नव्या बाईचं. तीस वर्षं ते सासूबाईंकडेच होतं, कारण त्यांच्यानंतर घरात नवी बाई आलीच नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांनी ब्रश सुनेच्या हातात दिला, स्वतःचे हात उन्हात धरून उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "चला. आता निदान मरताना तरी माणसाचे हात घेऊन मरेन."

पट्टी शिसवीची, तपकिरी. गिऱ्हाइकाला हवी आबनुसासारखी काळी. आबनूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून शिसवीलाच आबनुसाचं सोंग घ्यायला लावायचं. आधी काम्पेचेच्या लाकडाचा उकळलेला काढा पट्टीवर फिरवायचा, त्यानं ती जांभळी होते. ती वाळली की व्हिनेगरमध्ये पंधरा दिवस गंजके खिळे मुरवून केलेलं पाणी. ते लागलं की डोळ्यांदेखत, दूध नासावं तसा रंग फिरतो आणि पट्टी काळीकुट्ट होते. मग पुसायची आणि तेल द्यायचं.

ओतिलियाला हे काम शिकवावं लागलं नाही. ती आविरान गावची, आणि आविरानात घरोघर शाली विणतात. तिच्या आईचा काळा रंग पंचक्रोशीत नावाजलेला. विटलेली शाल घेऊन बाई दारात उभी राहिली तर ती एकतर आळशी आहे किंवा तिला घरात विचारणारं कोणी उरलं नाही, असं तिथं धरतात. त्यामुळे कुठंही विटलेला काळा दिसला की ओतिलियाचे हात शिवशिवायचे. तिचा हा गुण सासरी सगळ्यांच्या लक्षात आला होता. तो दोष ठरू शकतो हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

२

फेब्रुवारीत सासूबाईंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्या चार दिवसांसाठी उरुआपानला गेल्या. जाताना मुलाला म्हणाल्या, "चिकटवायच्या सरसाला उकळी आणू नकोस," आणि सुनेला म्हणाल्या, "त्याला आणू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी एपिफानिया नावाची एक म्हातारी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली गिटार घेऊन आली. पाठ ताठ, आवाज कोरडा. गिटार तिच्या भावाची, सेल्सोची. सेल्सोनं पन्नास वर्षं लोकांच्या लग्नांत आणि मयतीत वाजवलं होतं आणि दिवा विझावा तसा एका सकाळी निजल्या जागी संपला होता. त्याला सात आठवडे झाले होते.

"पेटीला तडा गेलाय," ती म्हणाली. "तेवढा बुजवा. भाच्याला द्यायची आहे."

"शनिवारी या," फेर्मिन म्हणाला.

"येईन. घाई नाही मला." दारातून बाहेर पडताना ती थांबली. काहीतरी बोलावं की नाही असं तिच्या तोंडावर आलं आणि गेलं. ओतिलियाला वाटलं, किती पडतील ते विचारायचं असेल.

फेर्मिननं तारा काढल्या, पेटी उघडी करून टेबलावर आडवी टाकली. ओतिलियानं पट्टी पाहिली आणि तिला कसंसंच झालं. कोणे एके काळी ती काळी केलेली होती. आता पहिल्या पाच पडद्यांच्या मधल्या जागा बोटांनी खाऊन टाकल्या होत्या. चमच्यानं कोरावेत तसे लहान लहान खळगे, आणि प्रत्येक खळग्यात काळा जाऊन शिसवी तपकिरी उघडी पडलेली. कडेला काळा, मध्ये ते डाग. खरूज झालेल्या कुत्र्यासारखी पट्टी.

"हिला काळं करू का?" तिनं विचारलं.

फेर्मिनच्या दातांत दोन चिमटे होते, एका हातात सरसाचा ब्रश, दुसऱ्या हातानं तो फळीची फट दाबून धरत होता. "हं," तो म्हणाला.

पुढं त्यानं शपथेवर सांगितलं की त्यानं काही ऐकलंच नव्हतं. ओतिलियाचा त्यावर विश्वास बसला. चार महिन्यांत तिला एवढं कळलं होतं की फेर्मिनचा 'हं' हा श्वासाचाच एक प्रकार आहे.

तिनं पडद्यांवर चिकटपट्टी लावली, काढा फिरवला, वाळवला, खिळ्यांचं पाणी दिलं. खळग्यांत रंग कमी धरतो म्हणून तिथं तीन-तीन हात दिले. संध्याकाळी पट्टी अशी झाली की त्यात दिव्याचा उजेडही बुडावा. खळगा कुठला आणि सपाट कुठलं, डोळ्यांना कळेना.

"अगं, ही तर नवीच झाली," फेर्मिन म्हणाला, आणि त्यानं तिच्या काळ्या बोटांचं चुंबन घेतलं, मग जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं. "व्हिनेगर."

३

सकाळी पट्टीवर चार तपकिरी ठिपके होते.

ओतिलिया आतोलेचा, मक्याच्या गरम पेजेचा, पेला हातात घेऊन बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. ठिपके करंगळीच्या टोकाएवढे. रंग उडालेला होता, पुसलेला नव्हता. घासून घासून महिनोन्महिने जावा तसा. तिला आधी वाटलं तेलकटपणा राहिला. लोकरीला चरबी राहिली की तिथं रंग धरत नाही, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पन्नास वर्षांचा एका माणसाच्या बोटांचा मळ आणि घाम तिथं मुरलेला, तो सोड्यानं धुवायला हवा होता. चूक तिचीच.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ठिपके खळग्यांत नव्हते. खळग्यांच्या शेजारी होते, बोटभर वर.

तिनं पट्टी सोड्याच्या पाण्यानं धुतली, पुन्हा रंगवली आणि कारखान्याच्या खोलीत खुंटीला टांगली. गिटारला तारा नव्हत्या, पेटीवर चिमटे होते, खोलीला कडी होती.

दुसऱ्या सकाळी ठिपके आठ. चार सातव्या पडद्याजवळ, चार दहाव्याजवळ. अनोळखी खोलीत शिरलेला माणूस भिंतीवर दिव्याचं बटण चाचपतो, तसे कुठंही.

"फेर्मिन, तू हिला हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

"मग हे काय आहे?"

त्यानं गिटार खिडकीशी नेली, डोळे बारीक केले. "तुझ्या आविरानचा रंग लोकरीला चांगला असेल," तो म्हणाला. "लाकडाला आईचा बरा." मग तिचं तोंड पाहून घाईनं म्हणाला, "मी धरतो ना. तू लाव. दोघं मिळून करू."

तेच करताना ते झालं. तो गिटार मांडीवर आडवी धरून बसला होता. ती काढ्याचा हात देऊन वळली, तिच्या कोपराचा धक्का लागला आणि आधी काढ्याचं भांडं, मग ते सावरायच्या गडबडीत खिळ्यांच्या पाण्याची बरणी, दोन्ही त्याच्या डाव्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत हात बघता बघता काळा झाला.

दोघं हसून हसून लोळले. "घे," तो हात पुढं करून म्हणाला. "आता मला आबनूस म्हणून विक. उत्तरेकडे, सीमेपलीकडे चांगला भाव येईल."

धुवून, घासून काही निघालं नाही. लोखंडाचा रंग कातडीतून आठ-दहा दिवसांनी जातो, हे त्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

४

त्या रात्रीनंतर पट्टीवर नवे ठिपके आले नाहीत. ओतिलियाला हायसं वाटलं. सोडा लागू पडला म्हणायचा.

सकाळी ती चुलीपाशी तोर्तिया भाजत होती. चुलीमागची भिंत काजळीनं काळी, तीन पिढ्यांच्या स्वयंपाकानं तुकतुकीत झालेली. त्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, चार स्वच्छ ठिपके होते. खालचा चुना दिसत होता. तिरक्या ओळीत चार.

तिनं तव्यावरची तोर्तिया उलटली. मग स्वतःचा डावा हात वर केला आणि भिंतीला न लावता, एक बोट अंतरावरून, ठिपक्यांवर धरून पाहिला. तिची बोटं पुरली नाहीत. कोणाचा तरी हात तिच्यापेक्षा बराच रुंद होता. फेर्मिनच्या हातापेक्षाही, तिच्या मनात आलं, आणि मनात आलं म्हणून तिला स्वतःचा राग आला. मांजर असेल. मांजराला चार बोटं असतात, हेही तिला तेव्हा पटलं.

तोर्तिया करपली.

"आज काळ्याचाच दिवस दिसतोय," फेर्मिन ताटात पाहून म्हणाला. तो घेवडा खात होता, आणि डावा हात त्यानं आतोलेच्या पेल्याला टेकवून ठेवला होता. पेला नुकता चुलीवरून उतरवलेला. ओतिलियाचं लक्ष गेलं तेव्हा पेल्याला टेकलेली कातडी लाल होऊन फुगायला लागली होती.

"अरे, हात."

"काय?" त्यानं खाली पाहिलं. हात बाजूला घेतला, फोडाकडे पाहत राहिला. "लागलं नाही," तो म्हणाला. "बधिर झालाय. टेबलाच्या कडेवर ठेवून झोपलो असेन."

तिनं त्याचा हात उलटा केला. काळ्या कातडीत, मनगटाच्या थोडं वर, चार फिके ठिपके. तिरक्या ओळीत. तिनं हात पलटला. खालच्या बाजूला एकच, मोठा, अंगठ्याएवढा.

गिटार धरणारा माणूस अंगठा मानेच्या मागं ठेवतो. ओतिलिया चार महिने त्या घरात होती, पण ते कळायला चार महिने लागत नाहीत.

"घामानं रंग जातो," ती म्हणाली.

"तेच," तो म्हणाला.

५

दॉन्या तोमासा शुक्रवारी सकाळच्या बसनं आल्या. रुमाल सोडत, बहिणीच्या सुनेनं चार दिवसांत चार वेळा तोच रस्सा कसा वाढला ते सांगत त्या कारखान्यात शिरल्या आणि खुंटीवरच्या गिटारपाशी येऊन थांबल्या. त्यांनी एका बोटानं पट्टीवरून वरून खाली हात फिरवला. खळग्यांत बोट उतरत होतं, चढत होतं.

"ही जुनी आहे," त्या म्हणाल्या.

"हो. रंग विटला होता, म्हणून मी—"

"वाजवणारा आहे?"

"वारला. सेल्सो म्हणून होते."

सासूबाईंनी गिटार खुंटीवरून काढली आणि पट्टी भिंतीकडे करून जमिनीवर उभी केली. सावकाश, झोपलेलं मूल ठेवावं तशी. ओतिलियाला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"पोरी, झिजलेली पट्टी आपण काळी करत नाही."

"का?"

"नाही करत."

"मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. नव्या पट्ट्यांचं सांगितलं, जुन्यांचं राहिलं. तीस वर्षांत कोणा सुनेला सांगायची वेळच आली नव्हती ना." त्या स्टुलावर बसल्या. "गेलेला वाजवणारा आपल्या जागा बोटांनी ओळखत नाही गं. मेल्यावर बोटं कुठली ओळखतात. तो ते झिजलेले तपकिरी डाग बघून..." त्यांनी हात झटकला. "जाऊ दे. मला कुठं ठाऊक आहे. पट्टीवर काही दिसलं का नंतर?"

"दिसलं. आता बंद झालं."

"बंद झालं?" सासूबाईंनी मान वर केली. ओतिलियाला पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली ती या शब्दाला. "मग कुठं गेलं?"

तेवढ्यात फेर्मिन हात पुसत आत आला. "आलीस? मावशीचा डोळा काय म्हणतो?" त्यानं आईला मिठी मारायला हात पसरले. डावा कोपरापर्यंत काळा, आणि त्या काळ्यात आता बारा फिके ठिपके, चार-चारच्या ओळीत, मनगटाकडून वर चढत गेलेले.

दॉन्या तोमासांनी मिठी मारून घेतली. मुलाच्या खांद्यावरून त्या सुनेकडे पाहत होत्या. त्या नजरेत राग असता तर ओतिलियाला सोपं गेलं असतं.

६

शनिवारी एपिफानिया आली. सासूबाईंनी तिला आत बोलावलं, कॉफी दिली, गिटार समोर ठेवली.

"तडा बुजवला," त्या म्हणाल्या. "पट्टीचं मात्र आमच्याकडून चुकलं. नवी सून आहे. घेऊन जा. कामाचं काही नको."

एपिफानियानं पट्टीकडे नुसतं पाहिलं, हात लावला नाही. कॉफीचे दोन घोट घेतले. ओतिलियाला ती एकदम दहा वर्षांनी तरुण वाटली. गालांवर रंग होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.

"तो मेल्यापासून मला डोळ्याला डोळा लागला नव्हता," एपिफानिया म्हणाली. "सात आठवडे. कशामुळे ते काही सांगणार नाही, तुम्ही म्हणाल म्हातारी बिघडली. या आठवड्यात झोपले. काल तर सकाळी दूधवाल्यानं दार ठोठावून उठवलं."

"बाई," सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा आहे."

एपिफानियानं दारातून फेर्मिनकडे पाहिलं. तो अंगणात डाव्या हातानं हातोडा धरायचा प्रयत्न करत होता. हातोडा पडला. त्यानं उचलला. पुन्हा पडला.

"तो माझा भाऊ होता," ती म्हणाली. "तरी मी म्हणते, राहू दे तुमच्याकडेच." तिनं शाल सारखी केली. दारात ओतिलियापाशी येऊन थांबली, आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "वाईट माणूस नव्हता, मुली. नुसतं वाजवायचा. आजारी होता तरी वाजवायचा. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, हे एवढं झालं की आलो."

ती गेल्यावर त्यांनी काय काय केलं नाही. लोखंडाचा काळा लिंबू आणि मिठानं जातो. ओतिलियानं पन्नास लिंबं पिळली आणि पट्टी घासली. पट्टी राखेच्या रंगाची झाली, पण सारखीच झाली. खळग्यांतलं तपकिरी काही वेगळं निघालं नाही. मग सासूबाईंनी रंधा काढला. ओतिलियानं त्यांचा हात धरला. रंध्यानं खळगेच गेले असते. दोघी पट्टीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. काळं करायला तिला एक दुपार पुरली होती.

उरलेली लिंबं तिनं फेर्मिनच्या हाताला लावली. त्याला झोंबत नव्हतं, म्हणून तिला खूप घासता आलं. तिचं गणित सरळ होतं. ते काळ्यावर येतं. पट्टी काळी, भिंत काळी, हात काळा. हात गोरा झाला की ते दुसरीकडे जाईल. कुठं जाईल याचा तिनं विचार केला नाही. खरं सांगायचं तर केला, आणि तिला चालणार होतं.

सोमवारपर्यंत हात स्वच्छ झाला. नखांच्या मुळांशी तेवढा काळा राहिला. डॉक्टरनं सुई टोचून पाहिली, कोपरापर्यंत कुठंच कळलं नाही. मानेतली शीर दबली असेल म्हणाला, गोळ्या दिल्या, मोरेलियाला मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणाला.

"मानेतली शीर," घरी येताना फेर्मिन म्हणाला. "बघ, डॉक्टरलासुद्धा मानेचंच सुचलं." तो विनोद होता. चार पावलं गेल्यावर म्हणाला, "ओति, मला पडदे ठोकता आले नाहीत तर मी काय करू?"

"पेट्या जोड."

"त्यालाही दोन हात लागतात."

मंगळवारी सकाळी स्वच्छ, गोऱ्या हातावर ठिपके नव्हते. होते ते खळगे. लहान, चमच्यानं कोरल्यासारखे.

७

रविवारी दुपारची जेवणं झाली. अंगणात ऊन होतं. शेजारच्यांनी रेडिओ लावला होता तो बंद केला, सगळी गल्ली आडवी झाली. फेर्मिन ओसरीतल्या बाजेवर निजला होता, डावा हात पांघरुणाबाहेर, तळवा वर. दॉन्या तोमासा अंगणात मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. त्या रोज बाजेकडे तोंड करून बसत. आज त्यांनी स्टूल फिरवून घेतलं होतं.

ओतिलिया भांडी आवरून बाहेर आली तेव्हा कोणीतरी गुणगुणत होतं. तिला वाटलं रेडिओ पुन्हा लागला. गाणं जुनं होतं, डोंगरातलं, तिच्या आजीच्या लग्नात वाजलं असावं असं. एकेक सूर जपून ठेवलेला. मग तिच्या ध्यानात आलं की आवाज बाजेवरून येतोय.

फेर्मिनला सूर नव्हता. गिटारवाल्यांच्या घरात ही लाज कोणी चारचौघांत बोलत नसे. तो तारा काट्याच्या यंत्रावर बघून लावायचा.

ती जवळ गेली. त्याचे ओठ मिटलेले होते. आवाज घशातून येत होता, तोंड उघडायची गरज नसल्यासारखा. आणि हात. हातावरची कातडी चार ठिकाणी दबलेली होती, खोल, दबल्या जागा पांढऱ्या. तिच्या देखत त्या सुटल्या. कातडी वर आली. दोन बोटं पलीकडे पुन्हा चार ठिकाणी दबली, आणि आवाज चढला. तिथून कोपराकडे, आवाज आणखी चढला. मग घसरत मनगटाकडे, आणि आवाजही घसरत खाली आला, अगदी अलगद, बोट न उचलता.

हाताच्या वर काही नव्हतं. ओसरीत ऊन येत होतं आणि त्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता. हाताच्या वरच्या वीतभर जागेत तेवढा तो तरंगत नव्हता.

ओतिलियाला ओरडता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. ती बाजेच्या कडेवर बसली, स्वतःची डावी बाही कोपरापर्यंत सारली, आणि आपला हात त्याच्या हातावर ठेवला. तळवा वर. पुरता झाकून.

गुणगुणणं थांबलं.

ती वाट पाहत राहिली. तिला वाटलं होतं थंड लागेल. थंड नव्हतं. बोटं कोमट होती, टोकाला घट्टे पडलेली, रोज काम करणाऱ्या माणसाची. आधी एक टेकलं, मग बाकीची. त्यांनी तिचा हात दाबला. दुखलं. तिच्या घशात काहीतरी हललं, दातांपर्यंत आलं, पण सूर झाला नाही. बोटं थोडी वर सरकली, पुन्हा दाबून पाहिलं. एकदा अंगठ्यानं खालून चाचपलं. "इथं," ती अगदी हळू म्हणाली. "इथं वाजवा. चालेल मला." दुकानात आलेलं गिऱ्हाईक भिंतीवरची गिटार उतरवतं, दोन सूर काढतं आणि पुन्हा खुंटीला लावतं. तसा तिचा हात उचलला गेला आणि शेजारी, बाजेवर, नीट ठेवला गेला.

फेर्मिनच्या हातावर कातडी दबली. गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते. तो जागा होता, बहुधा मघापासूनच. तो तिच्याकडे पाहत होता आणि त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण घसा त्याच्याजवळ नव्हता. पांघरुणाखालून त्याचा उजवा हात बाहेर आला. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यानंही धरला.

गाणं संपलं. एक श्वास गेला. दुसरं लागलं.

"दॉन्या तोमासा," ओतिलिया म्हणाली, "हे कधी थांबेल?"

सासूबाई पाठमोऱ्याच होत्या. हातातल्या कणसाचे उरलेले दाणे त्यांनी घमेल्यात पाडले.

"सेल्सोला पुष्कळ गाणी येत होती," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचं कणीस उचललं.